पिंपरीच्या चिमूटभर मातीची गोष्ट

श्रोतेहो, वळवाचा पहिला पाऊस पडला की तापलेल्या जमिनीतून जो वास येतो, तो ओळखीचा नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत सापडायचा नाही. पण खरे सांगायचे तर तो वास नुसत्या मातीचा नव्हे. मातीत काही अतिसूक्ष्म जीव राहतात. ते एक द्रव्य तयार करतात, आणि पावसाच्या थेंबांनी ते हवेत उडाले की आपल्या नाकाला तो वास जाणवतो. ह्या जीवांच्या एका मोठ्या कुळाचे नाव स्ट्रेप्टोमायसीस. दिसायला बुरशीच्या धाग्यांसारखे, पण जातीने जिवाणू. त्यांचे शेकडो प्रकार शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे नाव आहे 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'. पिंप्रिना म्हणजे पिंपरीची. आपल्या पुणे जिल्ह्यातली, पवनेच्या काठची पिंपरी.

लॅटिन वळणाचे हे नाव एका मराठी गावाला कसे चिकटले, ज्यांनी ते दिले ती माणसे काय काम करीत होती, आणि त्या कामामागचा पैसा पुढे कसा आटत गेला, ते आज सांगावयाचे आहे. गोष्ट औषधांच्या कारखान्याची आहे, पण तिच्यात मन घालायचे ते प्रयोगशाळेत बशा धुणाऱ्या, बशांवर डोळे लावून बसणाऱ्या तरुण मुलामुलींकडे. सरकारने विज्ञानावरचा खर्च कमी केला, अशी बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. ती कात्री नेमकी कुठे लागते, हे आपल्या शेजारच्याच गावाच्या उदाहरणावरून चांगले कळेल.

आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, स्कूटरी, यंत्रे डोळ्यांपुढे येतात. पलीकडे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. १९५० च्या सुमारास ह्यांतले काहीच नव्हते. पिंपरी हे लहानसे गाव होते. जवळून मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग जात होता, फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची छावणी तेथे वसली होती, आणि बाकी शेतीवाडी. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, नगरपालिका १९७० साली. त्या सगळ्याच्या आधी ह्या माळावर आला तो पेनिसिलिनचा कारखाना. त्याचे नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड. आसपासची माणसे त्याला नुसते 'एच. ए.' म्हणतात. एच. ए. कॉलनी, एच. ए.चे मैदान, एच. ए.ची शाळा, ही नावे पिंपरीत कोणालाही विचारा.

पेनिसिलिन म्हणजे काय हे थोडक्यात आठवू. शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी येते ना, तिच्या भावकीतल्याच एका बुरशीपासून ते निघते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या ते नजरेस आले. पण त्याचे औषध व्हायला आणखी बारा-तेरा वर्षे जावी लागली, आणि ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन, हीटली वगैरे मंडळींनी केले. हातात पैसा नाही, युद्ध चाललेले. तेव्हा हीटलींनी रुग्णालयातली शौचाची भांडी आणि दुधाचे हंडे गोळा करून त्यांत बुरशी वाढवली. पहिल्या रुग्णाला दिलेले औषध संपले, तेव्हा त्याच्या लघवीतून ते गाळून परत त्यालाच टोचले. तरी पुरले नाही, आणि बरा होत आलेला तो माणूस दगावला. ही १९४१ ची गोष्ट.

युद्ध संपले तेव्हा पेनिसिलिन हे जीवनदान देणारे औषध आहे, हे साऱ्या जगाला कळून चुकले होते. आपल्याकडे ते बाहेरून यायचे. परदेशी कंपन्या औषध विकायला तयार. ते करायचे कसे, हे मोकळेपणाने शिकवायला मात्र तितक्या राजी नाहीत. त्या वेळी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी ह्यांनी आग्रह धरला की हे औषध देशाने स्वतः करावे आणि ते करण्याची विद्याही स्वतःच्या हाती ठेवावी. पुढे सोखी जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले. त्या संघटनेचे आणि मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफचे साहाय्य मिळाले, यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले. मदतीला एक अट होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. ह्या कारखान्यातले ज्ञान गुपित ठेवायचे नाही. इतर देशांच्या माणसांनाही ते शिकता यावे. १० मार्च १९५४ रोजी कंपनीची नोंदणी झाली आणि १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आता एक बारकावा लक्षात घ्या. कारखाना चालवायला संशोधन लागतेच असे नाही. कृती आणायची, माप घालायचे, टाक्या भरायच्या आणि माल काढायचा. पुष्कळ कारखाने असेच चालतात. पण पिंपरीला आरंभापासून कारखान्याच्या कुंपणात संशोधनाचा विभाग ठेवला गेला, आणि १९५८ पासून 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' नावाचे स्वतःचे शोधपत्रही निघू लागले. औषधाच्या कारखान्याने स्वतःचे शास्त्रीय नियतकालिक चालवावे, आणि ते जगभरच्या ग्रंथालयांत जावे, ही त्या काळची हिंमत होती. संशोधनाची सूत्रे होती मांडयम जीरसन्निधी तिरुमलाचार ह्यांच्या हाती. गृहस्थ मूळचे कर्नाटकाकडचे, बुरशी आणि पिकांचे रोग ह्या विषयात मुरलेले. बुरशी ओळखणाऱ्या माणसाला औषधाच्या कारखान्यात आणून बसवले, ही निवड किती अचूक होती ते पुढे दिसेल.

मातीतून औषध शोधायचे म्हणजे करायचे काय? शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव असतात. ती माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे, आणि त्याचा थेंब काचेच्या बशीत आगराच्या खरवसासारख्या थरावर पसरायचा. काही दिवसांनी थरावर ठिपके उगवतात. पांढरे, राखी, पिवळे, कधी गुलाबी. एकेक ठिपका म्हणजे जीवांची एकेक वस्ती. त्यांतला प्रत्येक वेगळा काढून वाढवायचा, आणि ज्या रोगजंतूचा बंदोबस्त करायचा तो जंतू शेजारी पेरून पाहायचे. एखाद्या ठिपक्याभोवती जंतू वाढलाच नाही, स्वच्छ कडे उमटले, की समजायचे, हा जीव काहीतरी सोडतो आहे.

तुम्ही म्हणाल, कडे दिसले म्हणजे झाले काम. छे! काम तेथून सुरू होते. बहुतेक कडी ओळखीच्याच द्रव्यांची निघतात. जी नवी निघतात त्यांतली बहुतेक विषारी असतात. जंतूलाही मारतात आणि माणसालाही. जी विषारी नसतात ती कधी पाण्यात विरघळत नाहीत, कधी आठ दिवसांत निकामी होतात. अमेरिकेतल्या फायझर कंपनीने १९५० च्या सुमारास जगभरातून एक लाखाहून अधिक मातीचे नमुने मागवले, तेव्हा तिच्या हाती टेरामायसिन लागले. म्हणजे बशीवर वाकून बसणाऱ्या तरुणाला सोमवारी काही सापडत नाही, मंगळवारी सापडत नाही, पुढच्या वर्षीही बहुधा सापडत नाही. तरी त्याने दररोज तितक्याच नेटाने बशा भरायच्या. त्याचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला आला पाहिजे, कारण त्याच्या घरची चूल कडे उमटण्याची वाट पाहत नाही.

ह्या जातीच्या तरुणाचे जगातले सर्वांत नामांकित उदाहरण आल्बर्ट शाट्झ ह्याचे. शेतकऱ्याचा मुलगा. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन ह्यांच्या हाताखाली तो शिकत होता. वय तेवीस, विद्यावेतन महिना चाळीस डॉलर. क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे होते म्हणून त्याची रवानगी तळघरात. तेथेच तो रात्ररात्र काम करी आणि पुष्कळदा तेथेच झोपे. दोन ठिकाणांहून त्याला राखी-हिरवट रंगाचा एक स्ट्रेप्टोमायसीस मिळाला. एक शेणखत भरपूर घातलेल्या शेताच्या मातीतून, आणि दुसरा, ऐका तर, एका कोंबडीच्या घशातून. त्यातून निघाले स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावरचे पहिले खरे औषध. ज्या रोगाला आपले लोक राजरोग म्हणत आणि ज्याच्या नावाने लग्ने मोडत, त्याच्यावर चाळीस डॉलरच्या पोराने तळघरात तोड काढली. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन ह्यांना मिळाले. शाट्झला आपले श्रेय मान्य करून घेण्यासाठी कोर्टात जावे लागले होते. संशोधनाच्या घरातही थोरले-धाकटे असतात, आणि तिथला धाकटा नेहमी तोंड दाबून असतो. तेच स्ट्रेप्टोमायसिन १९६० नंतर लवकरच पिंपरीतही तयार होऊ लागले.

आता आपल्या पिंपरीच्या बशीकडे येऊ. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंवर चालतात; बुरशीच्या रोगांवर चालत नाहीत. उलट अशी औषधे फार दिवस घेतली की तोंडात, आतड्यात बुरशीचा उपद्रव वाढतो, कारण तिला धाकात ठेवणारे जिवाणू मेलेले असतात. घरातले मांजर हाकलले की उंदीर माजावेत तसे. म्हणून बुरशीवर औषध शोधणे अगत्याचे होते, आणि तिरुमलाचार तर बुरशीचेच जाणकार. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक नवा स्ट्रेप्टोमायसीस वेगळा काढला. त्याने सोडलेल्या पिवळ्या द्रव्यापुढे अनेक जातींच्या बुरश्या टिकत नव्हत्या. जीवाला त्यांनी गावाचे नाव दिले, आणि औषधाला कारखान्याचे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे घेऊन 'हॅमायसिन'. त्याची पहिली हकीकत १९६१ साली पिंपरीच्याच बुलेटिनमध्ये छापून आली.

हॅमायसिन तोंडातल्या व त्वचेवरच्या बुरशीसाठी वापरात आले. इतकेच नव्हे, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शरीरात खोल शिरलेल्या बुरशीच्या रोगांवर ते आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. पोटातून घेतलेले हॅमायसिन रक्तात सारखे उतरत नसे, आणि शिरेतून देण्याजोगे ॲम्फोटेरिसिन नावाचे त्याच कुळातले औषध तिकडे आधीच आलेले होते. त्यामुळे खोलवरच्या रोगांत हॅमायसिन मागे पडले. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शंभरातली नव्याण्णव औषधे ह्या वाटेवर मागेच पडतात. सुताराने रंधा मारावा तसे कोणीतरी त्या द्रव्यावर वर्षानुवर्षे रंधा मारीत बसला तर कधी त्याचा दोष जातो, कधी जात नाही. पण रंधा मारणारा बसलेला पाहिजे.

त्यानंतर डर्मोस्टॅटिन आले, आणि १९६४ साली ऑरिओफंजिनची हकीकत प्रसिद्ध झाली. हे शेवटचे नाव आपल्यापैकी जुन्या बागाइतदारांना आठवत असेल. भाताचा करपा, द्राक्षावरचे बुरशीचे रोग, मोसंबी-संत्र्याचा डिंक्या, अशा पिकांच्या दुखण्यांवर ते फवारायचे किंवा लावायचे. माणसांच्या औषधाच्या कारखान्यातून शेतकऱ्याच्या बागेसाठी औषध निघाले, कारण तिथला प्रमुख पिकांच्या रोगांतून आलेला होता. विज्ञानात असे आडवळणाने मिळणारे लाभ फार. आधी हिशेब मांडून ते मागता येत नाहीत.

पिंपरीच्या मातीने नाव काढले ते असे १९६० च्या दशकात. मग ओहोटी कशी लागली?

एका कारणावर बोट ठेवण्याचा मोह होतो, पण तसे करणे खरे होणार नाही. सरकारने औषधांच्या किमतींवर नियंत्रण आणले. गरिबाला औषध परवडावे म्हणून ते हवेच होते, असे माझे मत आहे. १९७५ साली हाथी समितीने सरकारी औषध कारखान्यांना पुढारीपण द्यावे असे सुचवले. पण स्वस्त विकायचे आणि यंत्रेही नवी ठेवायची, ह्या दोन्ही गोष्टींचा मेळ ज्या पैशाने बसतो तो पैसा पुरेसा आला नाही. जगात बुरशीचे वाण सुधारत गेले, एका टाकीतून पूर्वीच्या कित्येक पट माल निघू लागला. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, आणि चीनमधले स्वस्त पेनिसिलिन आपल्या बाजारात उतरले. १९९७ साली एच. ए.चे प्रकरण आजारी कारखान्यांसाठी नेमलेल्या मंडळापुढे गेले. २००६ साली पुनरुज्जीवनाची योजना झाली. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की जादा जमीन विकून देणी भागवावी आणि पुढे कारखाना विकण्याचा मार्ग धरावा. मधल्या काळात कामगारांचे पगार थकले. २०१९ साली सरकारी औषध कंपन्यांतले थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती ह्यांसाठी केंद्राला कर्जाऊ रक्कम मंजूर करावी लागली, त्यात पिंपरीही होती.

घरात ओढग्रस्त आली की आधी काय बंद होते ते पाहा. दूध बंद होत नाही, कारण पोर रडते. वाण्याची उधारी थांबवता येत नाही, कारण तो दारात येतो. बंद होते ते मुलीचे शिक्षण, कारण त्याचा आवाज होत नाही. कारखान्याचे आणि सरकारचेही तसेच आहे. वीज तोडली तर टाक्या बंद पडतात, पगार थांबला तर फाटकावर घोषणा होतात. प्रयोगशाळेत यंदा नवा मुलगा घेतला नाही, तर कोणाच्याही लक्षात येत नाही. पुढच्या वर्षीही घेतला नाही तरी येत नाही. पंधरा वर्षांनी वडीलधारे संशोधक निवृत्त होतात आणि वळून पाहतात, तर मागे कोणी उभे नसते. मधल्या काळात हिशेबाच्या वहीत बचत दिसत राहते. तिरुमलाचार स्वतः पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेले, आणि तेथे एका संशोधनसंस्थेच्या उभारणीत सहभागी झाले.

हे सारे होऊन गेले, आता त्याचे काय, असे कोणी विचारील. म्हणून पिंपरीहून थोडे अलीकडे, पुण्याच्या पाषाण भागात येऊ. तेथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या शेजारी २००६ साली निघालेली आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे. आयसरमध्ये मेंदूवर काम करणारी तरुण मंडळी आहेत. आपण आरंभी मातीच्या वासाचे बोललो. नाकात शिरलेला वास मेंदू ओळखतो कसा आणि लक्षात ठेवतो कसा, ह्याचा अभ्यास तेथे उंदरांवर चालतो. उंदराला दोन वासांतला फरक शिकवायला दिवसेंदिवस रोज वेळ द्यावा लागतो. त्यांना दाणापाणी, स्वच्छ पिंजरे, ठरावीक तापमान लागते. अशा कामात अनुदान तीन महिने उशिरा आले, तर उंदीर तीन महिने थांबत नाही. तो म्हातारा होतो. शिकवणी वाया जाते, आणि ज्या मुलीने दोन वर्षे घातली तिला पहिल्यापासून धडा गिरवावा लागतो. ट्रकचा सुटा भाग पुढच्या आठवड्यात आला तरी चाकणची साखळी पुन्हा चालू करता येते. सजीवांवरच्या प्रयोगाला ती सोय नाही.

पैशाचे आकडे सांगतो. २०२०-२१ साली आपल्या देशाच्या शंभर रुपयांच्या उत्पन्नातले संशोधनावर खर्च झाले अवघे चौसष्ट पैसे. चीनचे त्याच सुमारास दोन रुपये चाळीस पैसे, आणि दक्षिण कोरियाचे पावणेपाच रुपयांच्या आसपास. आपले हे चौसष्ट पैसेही वर्षानुवर्षे वाढलेले नाहीत, उलट प्रमाण थोडे घसरले आहे. २०१५ साली डेहराडून येथे ठरले की सरकारी प्रयोगशाळांनी निम्मा खर्च स्वतः कमवावा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही त्याच कुटुंबातली. दोन वर्षांनी, २०१७ साली, ह्या प्रयोगशाळांच्या प्रमुखांनीच कळवले की नव्या प्रकल्पांना देण्याजोगी रक्कम हातात उरलेली नाही. त्या वर्षी ९ ऑगस्टला देशभर शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले, पुण्यातही उतरले. मागणी होती शंभरातले तीन रुपये विज्ञानाला द्यावेत.

विद्यावेतनाचेही ऐका. पीएच. डी.च्या पहिल्या दोन वर्षांत मिळणारी केंद्राची छात्रवृत्ती २०१४ साली महिना २५ हजार झाली, २०१९ साली ३१ हजार आणि २०२३ साली ३७ हजार. आकडा वाईट नाही, पण दर वेळी तो वाढवून घेण्यासाठी संशोधकांना आंदोलने करावी लागली. आणि ठरलेला आकडा हातात पडण्याची वेळ ही आणखी निराळी बाब आहे. २०२४-२५ मध्ये इन्स्पायर छात्रवृत्तीच्या विद्यार्थ्यांचे पैसे कित्येक महिने अडकले. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती ह्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२२ ते २०२४ ह्या काळात छात्रवृत्तीसाठी मुंबई-पुण्यात धरणी धरावी लागली. ही बहुतेक मुले खेड्यांतली आहेत. घरात पीएच. डी. करणारे पहिलेच. त्यांच्या वडिलांना 'अजून शिकतोयस?' ह्या प्रश्नाचे उत्तर गावात द्यावे लागते, आणि सहा महिने पैसे न येता ते देणे कठीण होते.

बाहेर जावे तर तेथेही आता तसे निर्धास्त नाही. आपली कितीतरी मुले मेंदूच्या आणि औषधांच्या संशोधनासाठी अमेरिकेत आहेत. २०२५ साली तेथील सरकारने आरोग्यसंशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांची अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द केली, आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यांच्या रकमेत सुमारे चाळीस टक्के कपात सुचवली. अनुदान रद्द झाले की आधी जातो तो कोण? कायम नोकरीतला प्राध्यापक नव्हे. जातो तो तीन वर्षांच्या करारावर आलेला तरुण, ज्याचा तेथे राहण्याचा परवानाही त्या नोकरीला बांधलेला असतो.

'सरकारचा पैसा म्हणजे आमचाच पैसा, त्याचा हिशेब नको का?' असे एखादा श्रोता म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. हिशेब हवाच. निकामी प्रयोग बंद करावेत, नुसते कागद वाढवणाऱ्यांना विचारणा करावी. पण हिशेब कशाचा मागायचा हे ठरले पाहिजे. विहीर खणणाऱ्याला आपण दहा हातांवर पाणी लागले नाही म्हणून घरी पाठवत नाही. खडक पाहतो, माणूस जाणता आहे का ते पाहतो आणि आणखी दहा हात खणू देतो. अर्ध्यावर सोडलेल्या विहिरीचा खर्च मात्र सगळा बुडीत जातो. पिंपरीला पेनिसिलिनचे जाणते होते, बुरशीचे जाणते होते, शोधपत्र होते, आणि बाहेरचे डॉक्टर तिथले औषध तपासून पाहत होते. ती विहीर पाणी लागलेली होती.

त्या पाण्याची किंमत किती, ते अलीकडे कळले. २००० नंतरच्या काही वर्षांत पेनिसिलिनचा मूळ माल, ज्याला पेनिसिलिन-जी म्हणतात, तो आपल्या देशात होणे जवळजवळ थांबले. तो चीनकडून यायचा आणि त्याच्यापासून पुढची औषधे आपण करायचो. २०२० साली करोनाची साथ आली, चीनमधल्या वाहतुकीवर परिणाम झाला, आणि आपली औषधे कोणाच्या दारात अडकली आहेत हे दिल्लीला उमगले. त्याच वर्षी मार्च महिन्यात औषधांचा कच्चा माल देशात व्हावा म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिच्यातून आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ एका खाजगी कंपनीने पेनिसिलिन-जीचा कारखाना उभारला, आणि २०२४ साली त्यातून माल निघू लागला.

पिंपरीत ते १९५५ साली निघत होते.